दाद मागण्याचा अधिकार

२५ जून १९७५ च्या रात्री देशावर लादल्या गेलेल्या आणीबाणीला २०२५ साली पन्नास वर्षे पूर्ण झाली. २०२४ साली केंद्र सरकारने हा दिवस 'संविधान हत्या दिवस' म्हणून पाळण्याची अधिसूचना काढली. त्यानिमित्त सभा होतात, तुरुंगवास भोगलेल्या वयोवृद्ध कार्यकर्त्यांचे सत्कार होतात, जुन्या आठवणींना उजाळा मिळतो. हे सारे उचितच आहे. ज्यांनी एकोणीस-वीस महिने येरवडा, नाशिक, नागपूरच्या तुरुंगांत काढले, ज्यांच्या घरची चूल त्या काळात शेजाऱ्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या आधारावर पेटत राहिली, त्यांचे ऋण समाजाने मान्य केलेच पाहिजे. परंतु स्मरणाचा भर केवळ यातनांवर राहिला, तर त्या कालखंडातील सर्वांत गंभीर प्रश्न नजरेआड होण्याची भीती असते. तो प्रश्न असा : सरकारने एखाद्या नागरिकास बेकायदा डांबून ठेवले, तर त्या नागरिकाला न्यायालयाचे दार ठोठावता येते की नाही? आणि ते दारच सरकारने बंद केले, तर त्याच्या जिवाचे रक्षण कोणी करायचे?

हा प्रश्न १९७५-७६ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयासमोर प्रत्यक्ष उभा राहिला होता. 'अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल' या नावाने तो खटला इतिहासात नोंदला गेला आहे. त्याचा निकाल कसा लागला, तो कोणी दुरुस्त केला आणि ती दुरुस्ती आजही कोठे अपुरी राहिली आहे, हे प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने समजून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

पार्श्वभूमी सर्वश्रुत आहे. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी राजनारायण यांच्या अर्जावर निर्णय देऊन इंदिरा गांधी यांची रायबरेलीतील १९७१ ची निवड रद्दबातल ठरविली आणि सहा वर्षांसाठी त्यांना निवडणूक लढविण्यास अपात्र घोषित केले. २४ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाचे सुटीकालीन न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सशर्त स्थगिती दिली. पंतप्रधानपदी राहता येईल, पण खासदार म्हणून मतदान करता येणार नाही, असा त्याचा आशय होता. दुसऱ्याच रात्री अंतर्गत अशांततेचे कारण पुढे करून राष्ट्रपतींच्या स्वाक्षरीने आणीबाणी जाहीर झाली. मंत्रिमंडळाला ही वार्ता २६ जूनच्या पहाटे, स्वाक्षरी होऊन गेल्यावर कळली!

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हा सारा प्रकार राज्यघटना फाडून फेकून झालेला नाही. घटनेतीलच कलमांचा आधार घेऊन, एकामागून एक कागद रीतसर तयार करून तो झाला. २७ जून रोजी कलम ३५९ अन्वये राष्ट्रपतींचा आदेश निघाला आणि कलम १४, २१ व २२ यांच्या रक्षणासाठी न्यायालयात जाण्याचा नागरिकाचा अधिकार स्थगित झाला. पाठोपाठ 'मिसा' कायद्यात अध्यादेशाने बदल करण्यात आला. स्थानबद्धतेची कारणे बंदिवानाला सांगण्याचे बंधन उरले नाही. पुढे ती कारणे न्यायालयापासूनही गोपनीय ठरली. ऑगस्टमध्ये ३८ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीची घोषणा न्यायालयीन परीक्षणाबाहेर नेली. ३९ व्या घटनादुरुस्तीने पंतप्रधानांची निवडणूकही न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढली. पंतप्रधानांच्या अपिलाची सुनावणी ११ ऑगस्टला होती आणि ही दुरुस्ती १० ऑगस्टला अमलात आली. चालू खटल्यात एका पक्षकाराने स्वतःपुरता कायदाच बदलून घ्यावा, असा हा प्रकार होता. ७ नोव्हेंबर १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीचे मुख्य उपकलम रद्द केले. मात्र निवडणूक कायद्यात पूर्वलक्षी प्रभावाने केलेले बदल ग्राह्य धरल्यामुळे निवड कायम राहिली.

घटनाकारांना या धोक्याची कल्पनाच नव्हती, असे मात्र नाही. संविधान सभेत ९ डिसेंबर १९४८ रोजी बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी, मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची तरतूद करणाऱ्या कलमास घटनेचे हृदय आणि आत्मा म्हटले होते. दाद मागण्याची सोय नसेल, तर हक्कांची यादी शोभेपुरती उरते, हे त्या द्रष्ट्या कायदेपंडिताने ओळखले होते. त्याच सभेत १९४९ साली हरि विष्णु कामत यांनी आणीबाणीच्या तरतुदींवर कडाडून हल्ला चढविला. जर्मनीच्या वायमार घटनेतील अशाच अधिकारांचा आधार घेऊन हुकूमशाही कशी आली, याकडे त्यांनी लक्ष वेधले होते. त्या वेळी ही भीती अतिरंजित मानली गेली. अवघ्या सव्वीस वर्षांनी ती खरी ठरली.

अटकसत्राची व्याप्ती किती होती? जनता सरकारने नेमलेल्या शाह आयोगाच्या आकडेवारीनुसार मिसाखाली ३४,९८८ आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८ व्यक्तींना अटक झाली. म्हणजे एकूण एक लाख दहा हजारांहून अधिक. ३० जूनला नागपुरात सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांना अटक करून येरवड्यास नेण्यात आले आणि ४ जुलैला संघावर बंदी आली. पण या यादीत केवळ एका विचाराची माणसे नव्हती. जनसंघाचे अटलबिहारी वाजपेयी व लालकृष्ण अडवाणी, संघटना काँग्रेसचे श्यामनंदन मिश्र आणि आपल्या कोकणातील राजापूरचे समाजवादी खासदार मधु दंडवते हे चौघेही संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला गेले असता तेथेच पकडले गेले आणि त्यांनी कर्नाटक उच्च न्यायालयात दाद मागितली. कालपर्यंत सभागृहात एकमेकांचे वाभाडे काढणारे पक्ष एकाच कायद्याच्या चौकटीत, एकाच प्रश्नाचे उत्तर मागत उभे राहिले.

देशभरच्या उच्च न्यायालयांत बंदीप्रत्यक्षीकरणाचे शेकडो अर्ज दाखल झाले. सरकारी पक्षाचा मुद्दा एकच होता : कलम २१ खाली दाद मागण्याचा अधिकार स्थगित असल्याने हे अर्ज ऐकूनच घेता येणार नाहीत. अलाहाबाद, दिल्ली, कर्नाटक, मध्य प्रदेश, पंजाब व हरियाना, राजस्थान आणि मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ यांनी हा मुद्दा अमान्य केला. स्थानबद्धतेचा हुकूम कायद्याच्या चौकटीत आहे काय, तो दुष्टबुद्धीने काढला आहे काय, एवढे तरी न्यायालय पाहू शकते, अशी त्यांची भूमिका होती. ती घेण्यासाठी त्या काळात किती धैर्य लागत होते, याची कल्पना आज येणे कठीण आहे. पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या स्थानबद्धतेविरुद्ध निर्णय देणारे दिल्लीचे न्यायमूर्ती रंगराजन यांची थेट गुवाहाटीला बदली झाली. त्यांचे सहकारी न्यायमूर्ती अगरवाल यांना पुन्हा सत्र न्यायालयात पाठविण्यात आले. १९७६ मध्ये सोळा उच्च न्यायालयीन न्यायमूर्तींच्या बदल्या झाल्या. संदेश स्पष्ट होता!

महाराष्ट्राला अभिमान वाटावा असे एक पान याच कालखंडात मुंबई उच्च न्यायालयाने लिहिले. मुंबईच्या वकिलांना नागरी स्वातंत्र्य आणि कायद्याचे राज्य या विषयावर सभा घ्यावयाची होती. पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. न. प. नाथवानी आदी वकील उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने मनाईचा हुकूम टिकू दिला नाही. मिनू मसानी यांच्या 'फ्रीडम फर्स्ट' या नियतकालिकातील अकरा मजकुरांवर सेन्सॉर अधिकाऱ्याने फुली मारली, तेव्हाही फेब्रुवारी १९७६ मध्ये याच न्यायालयाने बजावले की, सर्व वृत्तपत्रांच्या तोंडून सरकारचीच वाणी वदवून घेणे हे सेन्सॉरचे काम नव्हे. आणीबाणीतही कायदा शिल्लक आहे आणि अधिकाऱ्याला त्याच्या मर्यादेतच वागावे लागेल, हे या निकालांचे सार होते.

सरकारने उच्च न्यायालयांच्या निर्णयांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. सरन्यायाधीश अजितनाथ राय, न्यायमूर्ती हंसराज खन्ना, मिर्झा हमीदुल्ला बेग, यशवंत विष्णु चंद्रचूड आणि प्रफुल्लचंद्र भगवती या पाच जणांच्या घटनापीठासमोर डिसेंबर १९७५ मध्ये सुनावणी सुरू झाली. सरकारची बाजू महान्यायवादी नीरेन डे मांडत होते. न्यायमूर्ती खन्ना यांनी त्यांना विचारलेला प्रश्न अजरामर झाला आहे. कलम २१ मध्ये केवळ स्वातंत्र्याचाच नव्हे, तर जीविताचाही उल्लेख आहे. मग एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरापोटी निरपराध माणसाला ठार केले, तर त्याविरुद्ध काही उपाय आहे काय? डे यांनी उत्तर दिले की, आपल्या युक्तिवादाशी सुसंगत राहायचे तर आणीबाणी असेपर्यंत उपाय नाही. हे ऐकून सदसद्विवेकाला धक्का बसेल, आपल्यालाही बसतो, परंतु कायदेशीर स्थिती अशीच आहे.

हे उत्तर ऐकल्यावर निकाल काय लागावा, याविषयी सामान्य माणसाच्या मनात शंका उरणार नाही. परंतु २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा युक्तिवाद मान्य केला. राष्ट्रपतींचा आदेश असताना कोणाही नागरिकाला आपल्या स्थानबद्धतेच्या वैधतेला न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असा निर्णय झाला. सर्व उच्च न्यायालयांचे धैर्य एका फटक्यात निष्प्रभ ठरले. न्यायमूर्ती बेग यांनी तर बंदिवानांची घेतली जाणारी काळजी मातृवत् असल्याचा उल्लेख केला!

एकट्या न्यायमूर्ती खन्ना यांनी भिन्न मत नोंदविले. त्यांचे प्रतिपादन साधे आणि म्हणूनच अभेद्य आहे. जीविताचा व स्वातंत्र्याचा अधिकार घटनेने निर्माण केलेला नाही. घटना लिहिली जाण्यापूर्वीही, कायद्याच्या आधाराखेरीज कोणाचाही प्राण वा स्वातंत्र्य हिरावून घेण्याची सत्ता शासनाला नव्हती. मग घटनेतील एक कलम स्थगित झाल्याने ती सत्ता शासनाला कोठून प्राप्त होणार? कलम २१ या अधिकाराचे एकमेव भांडार नाही, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. ब्रिटनमध्ये महायुद्ध ऐन भरात असताना, १९४१ साली, लॉर्ड ॲटकिन यांनी अशाच एका स्थानबद्धतेच्या खटल्यात एकट्याने भिन्न मत नोंदविले होते. खन्ना यांची जागा त्याच परंपरेत आहे.

या मताची किंमत त्यांना ठाऊक होती. निकालापूर्वी त्यांनी आपल्या भगिनीला हरिद्वार येथे सांगितले होते की, जो निर्णय आपण लिहिला आहे त्यापायी सरन्यायाधीशपद गमवावे लागेल. तसेच घडले. जानेवारी १९७७ मध्ये राय निवृत्त होताना सेवाज्येष्ठता डावलून बेग यांची नियुक्ती करण्यात आली आणि खन्ना यांनी राजीनामा दिला. अमेरिकेतील 'न्यूयॉर्क टाइम्स'ने निकालानंतर दोनच दिवसांनी लिहिले होते की, भारत पुन्हा स्वातंत्र्य व लोकशाहीच्या वाटेवर आला, तर कोणीतरी न्यायमूर्ती खन्ना यांचे स्मारक नक्कीच उभारील. आज सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या दालनात त्यांचे तैलचित्र आहे.

महान्यायवादींचे उत्तर केवळ न्यायालयीन चर्चेपुरते होते, असा कोणाचा समज असेल, तर त्याने केरळकडे पाहावे. कालिकतच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील पी. राजन या विद्यार्थ्याला १ मार्च १९७६ रोजी पोलिसांनी वसतिगृहातून उचलले. तो परत आला नाही. त्याचे वडील ईच्चर वारियर वर्षभर या दारातून त्या दारात हिंडत होते; पण न्यायालयाचे दार त्यांच्यासाठी बंद होते. आणीबाणी उठताच मार्च १९७७ मध्ये त्यांनी केरळ उच्च न्यायालयात बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज केला. त्याला पकडलेच नव्हते, असे सांगणारे सरकार तोंडघशी पडले. राजन पोलीस कोठडीत होता, हे न्यायालयात सिद्ध झाले आणि आणीबाणीत गृहमंत्री असलेले करुणाकरन यांना नव्याने मिळालेले मुख्यमंत्रिपद महिन्याभरात सोडावे लागले. राजनचा देह मात्र पित्याला कधीच मिळाला नाही. वर्षभरापूर्वी हाच अर्ज ऐकला गेला असता, तर काय घडले असते, हे सांगता येत नाही. पण कोणीतरी विचारणारे आहे, एवढी जाणीवही कोठडीतील माणसाचा प्राण वाचवू शकते, हे नाकारता येणार नाही.

मार्च १९७७ मध्ये जनतेने मतपेटीतून निवाडा केला आणि २१ मार्चला आणीबाणी संपुष्टात आली. त्यानंतर दुरुस्तीचे काम सुरू झाले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने 'अंतर्गत अशांतता' हे मोघम कारण काढून 'सशस्त्र बंड' असा शब्द घातला. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय असल्याखेरीज राष्ट्रपतींनी घोषणा करू नये, संसदेची मान्यता विशेष बहुमताने आणि दर सहा महिन्यांनी घ्यावी, असे बंधन आले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कलम २० व २१ यांच्या रक्षणासाठी न्यायालयात जाण्याचा अधिकार यापुढे आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, असे ठरले. १९८० साली मिनर्व्हा मिल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४२ व्या घटनादुरुस्तीतील, संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादाच नाही असे म्हणणारी कलमे रद्द केली. १९७३ च्या केशवानंद भारती निकालातील मूलभूत चौकटीचा सिद्धान्त त्यामुळे अधिक दृढ झाला.

जबलपूर खटल्याचा निकाल मात्र कागदोपत्री तसाच राहिला होता. तो स्पष्ट शब्दांत रद्दबातल होण्यास २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. खाजगीपणाच्या अधिकारासंबंधी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो चुकीचा ठरविला. त्यातील मुख्य निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी. १९७६ च्या बहुमतात असलेले पुण्याचे न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड हे त्यांचे वडील. पित्याविषयीचा आदर आणि पित्याच्या निकालाविषयीचे मत या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची ही रीत आपल्या सार्वजनिक जीवनात विरळाच आढळते. न्यायमूर्ती भगवती यांनीही २०११ साली आपल्या त्या निर्णयाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला होता.

येथे कथा संपली असती, तर समाधान मानता आले असते. ती संपलेली नाही. ४४ व्या घटनादुरुस्तीतील तिसरे कलम प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेविषयी आहे. कलम २२ नुसार आजही एखाद्या व्यक्तीला सल्लागार मंडळाच्या अभिप्रायाविना तीन महिन्यांपर्यंत डांबून ठेवता येते. ही मुदत दोन महिन्यांवर आणावी, सल्लागार मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमले जावे आणि त्याचा अध्यक्ष विद्यमान न्यायमूर्तीच असावा, असे ते कलम सांगते. संसदेने ते संमत केले, राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. पण ते अमलात आणण्याची तारीख ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे ठेवण्यात आला होता आणि ती अधिसूचना आजतागायत निघालेली नाही! १९८० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याला आव्हान देणाऱ्या ए. के. रॉय खटल्यात, डिसेंबर १९८१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितले की, सरकारला तसा आदेश देता येत नाही.

या साडेचार दशकांहून अधिक काळात काँग्रेसची सरकारे आली, जनता दलाची आली, आघाड्यांची आली, आणि ज्यांचे नेते स्वतः मिसाबंदी होते त्यांचीही आली. एकानेही ही अधिसूचना काढली नाही. यामागे कोणा एकाची दुष्टबुद्धी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. दहशतवाद, फुटीरतावाद, संघटित गुन्हेगारी यांच्याशी लढणाऱ्या राज्याला कठोर कायद्यांची गरज असते, हे आम्ही नेहमीच मानत आलो आहोत. महाराष्ट्रातील १९८१ चा झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आदींविरुद्धचा स्थानबद्धता कायदा गुंडगिरीने त्रस्त झालेल्या वस्त्यांना दिलासा देण्यासाठीच आला. परंतु कायद्याची कठोरता आणि कायद्याची तपासणी यांत विरोध नाही. ज्या अधिकाऱ्याचा हुकूम सबळ कारणांवर उभा आहे, त्याला न्यायमूर्तींसमोर ती कारणे ठेवण्याची भीती का वाटावी? तीन महिन्यांऐवजी दोन महिन्यांत उत्तर द्यावे लागले, तर राष्ट्राची सुरक्षा ढासळेल, असे कोणीही गंभीरपणे म्हणू शकणार नाही.

सत्तेचा एक स्वभाव आहे. विरोधात असताना जो अधिकार जुलमी वाटतो, तो सत्तेत आल्यावर सोयीचा वाटू लागतो. म्हणून नागरिकांच्या स्वातंत्र्याची हमी राज्यकर्त्यांच्या सज्जनपणावर अवलंबून ठेवता येत नाही. आपल्याकडे राजाही धर्माच्या अधीन मानला गेला. राज्याभिषेकाने राजाला दंड हाती धरण्याचा अधिकार मिळे, पण तो दंड धर्माने चालवावा, अशी अपेक्षा असे. या प्राचीन जाणिवेचेच आधुनिक रूप म्हणजे शासनाच्या प्रत्येक कृतीला न्यायालयात आव्हान देता येण्याची व्यवस्था होय. ती आपल्याला कधी गैरसोयीची वाटेल, आपल्या मताच्या सरकारचा एखादा निर्णय तिच्यामुळे अडेल, ज्यांचे विचार आपल्याला मुळीच पटत नाहीत अशा कोणाची सुटका तिच्यामुळे होईल. तरीही ती टिकली पाहिजे. १९७५ मध्ये बंगळूरच्या तुरुंगातील समाजवादी दंडवते आणि जनसंघाचे अडवाणी यांना वेगवेगळा कायदा लागू नव्हता. उद्याही तो असणार नाही.

आणीबाणीतील सत्याग्रहींचे खरे स्मरण कशात आहे, याचे उत्तर यातून मिळते. त्यांनी केवळ एक सरकार घालविण्यासाठी तुरुंगवास पत्करला नव्हता. सरकार कोणाचेही असो, त्याने कायद्याच्या मर्यादेत राहावे आणि नागरिकाला 'का?' असे विचारण्याची जागा असावी, यासाठी त्यांनी घरदार उघड्यावर टाकले. पुढच्या २५ जूनला सत्काराची श्रीफळे आणि शाली जरूर द्याव्यात. परंतु त्याच व्यासपीठावरून, ४४ व्या घटनादुरुस्तीचे तिसरे कलम अमलात आणा, अशी मागणीही स्पष्ट शब्दांत झाली पाहिजे. ती सध्याच्या सरकारकडे करावी, उद्या येणाऱ्या सरकारकडेही करावी. संसदेने १९७८ साली दिलेला शब्द पाळण्यास एका अधिसूचनेपलीकडे काही लागत नाही. मिसाबंद्यांपैकी अनेकजण आता आपल्यातून निघून गेले आहेत. जे आहेत, त्यांच्या डोळ्यांदेखत हे राहून गेलेले काम पूर्ण व्हावे, हीच अपेक्षा.